रेकॉर्ड ऑनलाइन करताय? मग निदान या चुका तरी टाळा

गेली वीसेक वर्षं मी तहसील, ग्रामपंचायत, झेडपी अशा ऑफिसांत डाटा एंट्री करतोय आणि ऑपरेटर पोरांना शिकवतोय. योजनेचं नाव बदलतं, सॉफ्टवेअर बदलतं, चुका मात्र त्याच. परवा एक नवा पोरगा म्हणाला, "सर, पाचशेच पानं आहेत, आठवड्यात उडवतो." तेव्हाच ठरवलं की हे एकदा लिहून काढायचं.

आधी हे सांगतो की कॉम्प्युटर आल्याने लोकांचं भलं झालंय यात मला काडीची शंका नाही. जमिनीचे रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आणायची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला वर्धा होता. तिथून १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागेपर्यंत तीस वर्षं गेली, पण आज माणूस रात्री दहा वाजता घरात बसून १५ रुपयांत उतारा काढतो. आधी भाऊसाहेब, म्हणजे तलाठी, कुठल्या सजेला (त्यांच्या हाताखालच्या गावांना) गेलेत ते विचारत दोन-दोन दिवस फिरायला लागायचं. म्हणूनच चुकीची एंट्री मला जास्त लागते. वहीतली चूक दप्तरात पडून राहायची, ऑनलाइन झालेली चूक बँकेत, सोसायटीत, पीएम किसानच्या यादीत सगळीकडे पोचते आणि प्रत्येक ठिकाणी "कॉम्प्युटरवर असंच आहे" म्हणून माणसाला परत पाठवतात.

सगळ्यात वाईट चूक: बेरीज जुळत नाही म्हणून जुळवून टाकणं

हे लांबवर सांगणार आहे, कारण यापायी घरं तुटलेली पाहिलीत. हस्तलिखित सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, शंभर आरचा एक हेक्टर. एक हेक्टर पाच आर हे कुणी १-०५ लिहायचं, कुणी नुसतं १-५, आणि कुणी मधे टिंब देऊन १.५. वाचणाऱ्या तलाठ्याला ते कळायचं, टाइप करणाऱ्याला कळत नाही, तो दीड हेक्टर टाकून मोकळा होतो. म्हणजे एका टिंबापायी ४५ आर वाढले, एकराच्या वर जमीन.

एका तालुक्यात (नाव सांगत नाही) एका गटाचं एकूण क्षेत्र २ हेक्टर १० आर, दोन भाऊ, प्रत्येकाच्या नावावर १ हेक्टर ५ आर. थोरल्याचं वहीत १-५ होतं, धाकट्याचं १-०५. ऑपरेटरने थोरल्याला १.५० टाकलं, धाकट्याला १.०५ बरोबर टाकलं, आणि बेरीज झाली २.५५. गट तपासणीच्या यादीत आला, बेरीज जुळत नाही म्हणून. आता इथे थांबून वही बघायची, बरोबर? त्याने काय केलं, एकूण २.१० मधून १.५० वजा केले आणि धाकट्याच्या नावापुढे ०.६० टाकलं. यादीतून गट गेला, साहेब खूष, एंट्रीमागे पैसे होते ते पण मिळाले.

धाकटा पीककर्जाला गेला तेव्हा त्याला कळलं की आपली जमीन निम्म्यावर आली. त्याला वाटलं भावाने तलाठ्याला धरून हे केलं. थोरल्याला तर काही माहीतच नव्हतं, त्याने उतारा काढलाच नव्हता. दोन वर्षं दोन घरांत बोलणं बंद, पोरीच्या लग्नाला सख्खा काका नाही. मग २०१७ ला चावडी वाचन आलं, गावात बसून सातबारे मोठ्याने वाचून दाखवायचं ते. थोरल्याचं क्षेत्र वाचलं तशी त्याची बायको उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, आमचं अडीच एकर चार गुंठं हाय, पावणेचार एकर कवा झालं?" सगळ्या चावडीसमोर. ती माऊली गप्प बसली असती तर जमीन तिच्याच घरात राहिली असती. मी तिथे होतो, मला तो दिवस विसरता येत नाही.

पुढे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज, तलाठ्याचा अहवाल, मंडळ अधिकारी, तहसीलदारांचा आदेश, असं करत पाच महिन्यांनी दुरुस्ती झाली. एंट्रीला दोन मिनिटं पण लागली नसतील.

त्यामुळे माझी पद्धत सांगतो, कुठल्या मॅन्युअलमध्ये नाहीये. आर नेहमी दोन आकड्यांत, ५ आर म्हणजे ०५, वहीत तसं नसेल तर आधी शेजारी पेन्सिलने लिहून तलाठ्याकडून खात्री करून घ्यायची आणि मगच कीबोर्डला हात लावायचा. एंट्री झाल्यावर एकाने कागदावरून मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने स्क्रीनवर बघायचं, ज्याने टाइप केलं त्याने वाचायचं नाही कारण तो स्वतःची चूक बरोबरच वाचतो. आणि तिसरं, एक साधी शंका वही ठेवायची. जे जुळत नाही ते त्या वहीत, स्क्रीनवर हात लावायचा नाही. मूळ फेरफार काढायचा, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, गाव नमुना सहा, तिथे उत्तर असतं. नवी पोरं म्हणतात यात वेळ जातो. जातो ना, जाऊ दे. एंट्रीमागे पैसे देण्याचा ठेकाच मला मुळात मान्य नाही, त्यात जो विचारतो त्याचा तोटा होतो आणि जो रेटून नेतो त्याचा फायदा.

आणि चावडी वाचनासारखी तपासणी मी दुसरी पाहिली नाही. जिथे वेळ कमी पडतो तिथे सगळ्यात आधी तेच कापतात, याची मला खरंच चीड येते.

फॉन्टची चूक

अजून, आजच्या तारखेला, लोक जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. कृती देव, शिवाजी, श्रीलिपी, डीव्हीबी सुरेख, ज्याला जी सवय. यात होतं काय की आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यावर मराठी चित्र दाखवतो. एका ग्रामपंचायतीत तीन वर्षं नमुना ८, म्हणजे घरपट्टीचं रजिस्टर, असाच टाइप केलेला, मशीन बदललं, फॉन्ट नव्या मशीनवर नाही, पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. ग्रामसेवक मला फोनवर म्हणाले व्हायरस आलाय. कन्व्हर्टर लावला तर रफार आणि पहिल्या वेलांट्या इकडच्या तिकडे, शेवटी घरपट्टीच्या पावत्या घेऊन बसलो आणि एकेक नाव परत टाकलं.

युनिकोडमध्येच टाइप करा, त्यात मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठतं, आणि शक्यतो इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका, पंधरा-वीस दिवस बोटं अडखळतात मग बसतात. ओळखायची खूण सोपी आहे, चार ओळी कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. मोबाइलवर मराठी दिसलं तर युनिकोड, कचरा दिसला तर तिथेच काम थांबवा. युनिकोड घेतलं तरी 'पाटील' कुणी ऱ्हस्व टाकतं कुणी दीर्घ, मग शोधल्यावर अर्धे पाटील सापडत नाहीत, म्हणून गावातल्या आडनावांची एक यादी भिंतीला चिकटवा आणि सगळ्यांनी तेच टाइप करायचं.

बाकीच्या, भराभर

एक्सेलमध्ये गट नंबर १२/३ टाकला की तो त्याची तारीख करून टाकतो. कॉलम आधी टेक्स्ट करा, मग टाइप करा, नंतर करून उपयोग नाही. बँक खात्याचे लांब नंबर पण तसेच, पंधरा आकड्यांच्या पुढचे शून्य होतात.

सेल खाली ओढून भरू नका. गट नंबर ओढला की वाढत जातो आणि नाव ओढलं की चिकटत जातं.

अर्जदाराच्या जागी ऑपरेटरने स्वतःचा मोबाइल नंबर टाकायचा नाही. "आजींकडे फोन नाही" हे कारण मला सांगू नका, नातवाकडे असतो, शेजारच्या ताईकडे असतो. ओटीपी आणि मेसेज तुमच्या फोनवर, आणि आजींना काही कळतच नाही.

साहेबांच्या डिजिटल सहीचं डोंगल शिपायाच्या ड्रॉवरमध्ये आणि पिन मॉनिटरला चिकटवलेला. ती सही आहे हो. चेकबुकवर कोऱ्या सह्या करून ठेवाल का?

अजून एक, याच्याबद्दल जरा बोलतोच. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ ला आला, अर्जाला मुदत बांधून दिली, मुदतीत झालं नाही तर अपील. मग काही ठिकाणी काय चालतं, अर्ज कागदावर घेतात, दाखला तयार होईपर्यंत ऑनलाइन टाकतच नाहीत, आणि तयार झाला की अर्ज आणि दाखला दोन्ही एकाच दिवशी टाकतात. पोर्टलवर दिसतं एका दिवसात सेवा दिली. माणूस मात्र महिनाभर हेलपाटे घालतोय, हातात पोच नंबर नाही, अपील कशावर करणार? ही मला चूक पण म्हणवत नाही. अर्ज हातात आला की आधी एंट्री, पोच माणसाच्या हातात, मग बाकीचं. उशीर झाला तर उशीर दिसू दे, तो दिसला तरच वरून माणूस वाढवून मागता येतो.

आणि ट्रेनिंग साहेबांना नको, टेबलावरच्या क्लार्कला द्या. साहेबांची बदली होते.

त्या पाचशे पानांच्या पोराला मी वीस पानं दिली आणि एक कोरी वही. संध्याकाळी आला तेव्हा वीस पानं झाली होती आणि वहीत सात शंका होत्या. चार फेरफार बघून सुटल्या. उरलेल्या तीन शंका तलाठ्यांना पण सोडवता आल्या नाहीत, एकात तर खातेदार जाऊन बारा वर्षं झालीत आणि वारस नोंदच नाही. उद्या सकाळी आम्ही दोघं त्या तीन घरी जाणार आहोत, राहिलेली पानं परवापासून.