कूस बदलताच फिरणारे घर

पहाटे उजव्या कुशीवर वळताच छताचा पंखा, बंद असूनही, गरगर फिरू लागला आणि मी पलंगाची कड घट्ट धरली. अर्ध्या मिनिटात सारे थांबले. तोल मात्र दिवसभर सावरेना. घरच्यांनी पित्त ठरवून कोकम सरबत दिले, नंतर आणलेल्या चक्करीच्या गोळ्यांनी केवळ झोप आली.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी माझी मान उजवीकडे ४५ अंश वळवून मला झटकन आडवे केले, डोळ्यांची थरथर पाहिली आणि सांगितले की अंतर्कर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून डोक्याच्या हालचालीची जाणीव देणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले आहेत. मग डोके ठरावीक क्रमाने फिरवून हे कण नलिकेबाहेर काढणाऱ्या एप्ली पद्धतीने, प्रत्येक स्थितीत चक्कर ओसरेपर्यंत थांबत, त्यांनी डोके डावीकडे ९० अंश वळवले, मला डाव्या कुशीवर घेऊन तोंड जमिनीकडे केले आणि शेवटी उठवून बसवले. मध्येच घर पुन्हा फिरले, तेव्हा हा उपचार की शिक्षा, असे वाटले खरे.

दोन बैठकांत चक्कर गेली. चालतानाची उरलेली अस्थिरता स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकून एका पायावर उभे राहण्याच्या सरावाने तीन आठवड्यांत ओसरली. चक्करीसोबत बोलणे अडखळत असेल, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील किंवा हातापायांतील शक्ती गेली असेल, तर मात्र यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.