सिव्हिल लाइन्स की जामठा: नागपुरात रणजी सामना पाहायला जाताना

नागपूरचे क्रिकेट स्टेडियम पाहायचे म्हटले की बहुतेकांच्या मनात आंतरराष्ट्रीय सामनाच असतो. मग तिकिटांची धावपळ, वर्धा रोडवरची कोंडी आणि गर्दीतून दिसेल तेवढे मैदान, एवढ्यावर ती भेट संपते. ज्यांना हे मैदान खरोखर पाहायचे आहे, मुलांना दाखवायचे आहे, त्यांनी पहिल्या भेटीसाठी विदर्भाच्या रणजी सामन्याचा दिवस निवडावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. प्रवेश सहसा विनामूल्य असतो, बसायला हवी ती जागा मिळते आणि रिकाम्या स्टँडमध्ये बॅटवर चेंडू लागल्याचा आवाज जितका स्वच्छ ऐकू येतो, तितका भरलेल्या स्टेडियममध्ये कधीच येत नाही.

निघण्यापूर्वी एक गोष्ट न चुकता तपासावी, ती म्हणजे सामना कोणत्या मैदानावर आहे. विदर्भ क्रिकेट असोसिएशनची नागपुरात दोन मैदाने आहेत. एक सिव्हिल लाइन्समधले जुने आणि दुसरे वर्धा रोडवर सीताबर्डीपासून सुमारे १६ किलोमीटरवर असलेले जामठ्याचे. रणजीचे सामने दोन्ही ठिकाणी झालेले आहेत. काही वर्षांपूर्वी मी भाच्याला घेऊन सकाळी जामठ्याला पोहोचलो, तेव्हा फाटक बंद होते आणि सामना सिव्हिल लाइन्सला असल्याचे तिथल्या पहारेकऱ्याने सांगितले. परत येईपर्यंत पहिले सत्र संपले होते, आणि सकाळच्या नव्या चेंडूची गोलंदाजी पाहण्यासाठीच तर आम्ही निघालो होतो. तेव्हापासून आदल्या रात्री असोसिएशनच्या किंवा बीसीसीआयच्या संकेतस्थळावर मैदानाचे नाव वाचल्याशिवाय मी घर सोडत नाही. सामना नसलेल्या दिवशी आत सोडतील असे गृहीत धरून कोणत्याच मैदानावर जाऊ नये.

सामना सिव्हिल लाइन्सला असेल तर मेट्रोच्या ऑरेंज लाइनने झिरो माइल फ्रीडम पार्क स्थानकावर उतरावे आणि पुढे पायी जावे. स्थानकाला लागूनच उद्यान आहे आणि जवळच झिरो माइलचा स्तंभ व चार घोड्यांचे पुतळे आहेत. या स्तंभाजवळच्या दगडावर १९०७ हे साल आणि १०२०.१७१ फूट ही समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे. मुले सोबत असतील तर तो आकडा त्यांना स्वतः वाचू द्यावा. वाटेत कुठल्याही गाडीवर तर्री पोहे खाऊन घ्यावेत, कारण रणजीच्या दिवशी मैदानात खाण्याची फारशी सोय असेलच असे नाही.

या जुन्या मैदानावर १९६९ मध्ये पहिली कसोटी झाली. परंतु नागपूरकरांच्या बोलण्यात आजही येतो तो ३१ ऑक्टोबर १९८७ चा विश्वचषकाचा सामना. त्या दिवशी न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवून विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक घेतली आणि नंतर सुनील गावसकरांनी एकदिवसीय क्रिकेटमधले आपले एकमेव शतक याच मैदानावर झळकावले. आज तिथे बसले की मैदान किती आटोपशीर आहे आणि खेळाडू किती जवळून दिसतात, याचेच नवल वाटते. यष्टिरक्षक स्लिपमधल्या खेळाडूंना काय सांगतो, हेही कधी कधी कानावर येते. दुपारी मुले कंटाळली तर महाराजबाग जवळच आहे. भोसल्यांच्या काळातली ही बाग आता कृषी विद्यापीठाकडे असून तिथे प्राणिसंग्रहालय आणि भरपूर जुनी झाडे आहेत. मात्र तिची वेळ व साप्ताहिक सुट्टी आधी विचारून ठेवावी.

जामठ्याचा बेत वेगळा आखावा लागतो. ऑरेंज लाइनने शेवटच्या खापरी स्थानकापर्यंत जाता येते. तिथून स्टेडियम आणखी पाच-सहा किलोमीटर पुढे आहे, त्यामुळे ऑटो किंवा बुटीबोरीकडे जाणारी बस धरावी लागते. रणजीचा खेळ साधारण साडेनऊला सुरू होतो, म्हणून नऊच्या आत पोहोचावे. तेव्हा नाणेफेक होते, मैदानावरचे कर्मचारी सीमारेषेची दोरी सरळ करत असतात आणि खेळपट्टीवर चुन्याच्या ताज्या रेघा दिसतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो आणि अकरा वाजता तोच काढून हातात धरावा लागतो. फेब्रुवारीच्या अखेरीस मात्र ऊन असह्य होते. खेळपट्टी उत्तर-दक्षिण असल्यामुळे दुपारनंतर पश्चिमेकडच्या स्टँडमध्ये सावली लवकर येते, तेव्हा सकाळी कुठेही बसले तरी जेवणाच्या सुट्टीनंतर तिकडे सरकावे. गोलंदाजाचा चेंडू किती वळतो हे पाहायचे असेल, तर थोडा वेळ साइटस्क्रीनच्या बाजूला, गोलंदाजाच्या पाठीमागेही बसावे. जामठ्याच्या सीमारेषा लांब आहेत, त्यामुळे फिरकी गोलंदाज इथे चेंडूला धीटपणे उंची देतात, हे त्या जागेवरून चांगले कळते.

२००८ मध्ये इथे झालेल्या पहिल्याच कसोटीत सौरव गांगुलीने निवृत्ती घेतली, पण विदर्भाच्या माणसाला हे मैदान आपले वाटते ते रणजीमुळे. २०१७-१८ चे पहिले विजेतेपद विदर्भाने इंदूरला मिळवले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्यावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून ते राखले आणि त्या सामन्यात डावखुऱ्या आदित्य सरवटेने ११ बळी घेतले. २०२५ च्या अंतिम सामन्यात तोच सरवटे याच मैदानावर केरळकडून खेळला आणि त्याने विदर्भाविरुद्ध ७९ धावा केल्या. तो सामना अनिर्णित राहिला, पण ३७९ विरुद्ध ३४२, अशा पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला. मुलांना नेण्यापूर्वी एवढा इतिहास सांगून ठेवावा, म्हणजे समोरच्या संथ वाटणाऱ्या खेळात एकेक धाव का मोजली जाते, हे त्यांना समजते.

आंतरराष्ट्रीय सामन्यालाच जायचे असेल, तर पॉवर बँक, पाण्याची बाटली, नाणी, लायटर आणि मोठी पिशवी घरीच ठेवावी, कारण तपासणीत या वस्तू सहसा अडवल्या जातात. स्वतःची गाडी शक्यतो नेऊ नये. सामना सुटल्यावर वर्धा रोडवर खोळंबा ठरलेलाच असतो. त्या दिवशी मेट्रोच्या फेऱ्या किती वाजेपर्यंत आहेत आणि खापरीपर्यंत बसची सोय आहे का, हे सकाळीच पाहून ठेवावे.

रणजीचा खेळ साधारण साडेचारला संपतो. परतताना खापरीहून मेट्रोत बसल्यावर खिडकीची जागा धरावी, कारण पुढे उज्ज्वल नगरकडे येताना मेट्रो सर्वांत वरून, तिच्या खाली उड्डाणपूल आणि त्याच्याही खाली वर्धा रोड, असे तीन मजले एकमेकांवर चाललेले असतात आणि संध्याकाळच्या उतरत्या उन्हात दूरवरचे शहर तिथून स्पष्ट दिसते.