या चुका टाळा: शुद्धलेखन चुकतं तेव्हा मनात काय घडतं

'आर्शिवाद' लिहिणाऱ्याला शब्द येत नसतो असं नाही. शब्दात रफार आहे हे त्याला पक्कं आठवतं. तो कोणत्या अक्षरावर, एवढंच निसटतं. इंग्रजी लिहिणारेही अशीच चूक करतात: शब्दात एक अक्षर दोनदा येतं हे त्यांच्या लक्षात असतं, पण दुहेरी होतं ते भलतंच अक्षर. 'काय आहे' आणि 'कुठे आहे' या आठवणी एकत्र येतातच असं नाही. इथे 'नीट लक्ष दे' असं दटावून काही होत नाही. शब्द तोडून म्हणा: आ-शीर्-वाद. 'वा'च्या आधी 'र्' उच्चारला जातो, म्हणून रफार 'वा'वर.

फक्त कानावर विसंबू नका

लिहिताना मन दोन वाटांनी जातं. ऐकू येतं तसं अक्षर मांडायचं, ही एक; पूर्वी पाहिलेलं रूप आठवणीतून उचलायचं, ही दुसरी. मराठीत पहिली वाट बरीच साथ देते. 'मीठ' दीर्घ, 'मिठाला' ऱ्हस्व, हे कान बिनचूक सांगतो. म्हणूनच तो फसवतो तेव्हा शंकाही येत नाही. 'गुण' हा शब्द बोलताना आपण उकार लांबवतो, पण तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, असल्यामुळे लिहिताना तो ऱ्हस्वच राहतो. 'महत्त्व'मधला दुसरा 'त'ही कानाला कळत नाही. तो अर्थातून कळतो, कारण मूळ 'महत् + त्व' आहे.

गंमत पुढे आहे. हे एकदा शिकलेला माणूस उत्साहाने 'मातृत्त्व' लिहू लागतो. 'मातृ + त्व' असा सांधा पाहिला असता तर एकच 'त' पुरला असता. तसंच 'आणि'चं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा: कवी, गुरू. नियम पाठ असलेला माणूस मग 'आणि'लाही दीर्घ करून टाकतो. 'आणि' आणि 'नि' हे अपवाद आहेत, हे त्याच्यापर्यंत पोहोचलेलं नसतं. मला या चुकीचा राग येत नाही, कारण ती नियम शिकलेल्या माणसाची चूक आहे.

'स्त्रोत' मात्र हाताच्या सवयीतून येतो. स्त्री, वस्त्र, शस्त्र, शास्त्र लिहून बोटांना तेच वळण पडलेलं असतं. स्रोत आणि सहस्र यांत 'स'ला 'त' जोडलेला नाही.

चुकीचं रूप पुन्हा पुन्हा पाहू नका

शंका आली की कागदाच्या समासात दोन्ही रूपं लिहून 'बरं दिसतं' ते निवडण्याची युक्ती अनेकांची असते. आठवण्यापेक्षा ओळखणं सोपं, म्हणून ती कधी कधी चालते. पण चुकीचं रूप चारदा डोळ्यांखालून गेलेलं असेल, तर तेही ओळखीचंच वाटतं. चुकीची स्पेलिंग नुसती वाचल्यानेही नंतर तोच शब्द लिहिताना चुका वाढतात, असं जेकबी आणि हॉलिंग्जहेड या संशोधकांना १९९०च्या अभ्यासात आढळलं. (म्हणून इथे प्रत्येक चुकीचं रूप एकदाच दिलं आहे.)

बरोबर रूप दहा वेळा उतरवून काढण्याची शिक्षाही फारशी कामाची नाही. तिसऱ्या ओळीपासून हात चालतो, मन दुसरीकडे असतं. त्याऐवजी शब्द पाहा, झाका, आठवून लिहा, मग ताडून पाहा. दोन दिवसांनी पुन्हा.

लिहिल्या लिहिल्या तपासू नका

आपलं लेखन वाचताना काय लिहायचं होतं ते मनात ताजं असतं, आणि डोळे कागदावरच्या अक्षरांऐवजी तेच वाचतात. थोडा वेळ जाऊ द्या, अक्षराचा आकार किंवा फॉन्ट बदला, मोठ्याने वाचा. शेवटच्या शब्दाकडून उलट वाचत आलात तर अर्थाची साखळी तुटते आणि अक्षरं दिसू लागतात. कंटाळवाणं आहे, पण उपयोगी.

फोनने सुचवलेला शब्द डोळे झाकून घेऊ नका. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'शिर' म्हणजे डोकं, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. चारही शब्द शब्दकोशात आहेत, त्यामुळे तपासनीस सॉफ्टवेअर लाल रेघ ओढत नाही. या जोड्यांसाठी वाक्य पुन्हा एकदा वाचावंच लागतं.