पेंढा-करडावरच्या गुरांना प्रथिने : पेंड कशी निवडावी, किती घालावी

दिवाळी उलटली की गोव्यातल्या सत्तरी, पेडणे, सांग्याच्या मोरडावरचे (उंच माळावरचे) हिरवे गवत बघता बघता वाळून करड होते. तिथून पहिल्या पावसापर्यंत गुरांच्या पोटात जातात त्या मुख्यतः दोनच वस्तू, करड आणि भाताचा पेंढा. दोन्हींत प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के. गुराच्या कोटीपोटातल्या (पहिल्या, मोठ्या पोटातल्या) जिवाणूंना काम करायला आहारात निदान ७ टक्के प्रथिने लागतात. तेवढी मिळाली नाहीत की जिवाणू कमी होतात, चारा पोटात रेंगाळतो आणि जनावर गव्हाणीतला पेंढा हुंगून सोडते. पोट फुगलेले दिसते, पण बरगड्या मोजता येतात. अशा वेळी पेंढा वाढवून काहीच साधत नाही. त्याच पेंढ्याचे पचन सुधारेल एवढी प्रथिने बाहेरून द्यावी लागतात.

किती द्यायची, हे आधी मोजून घ्यावे. गोव्याच्या देशी श्वेत कपिलेसारखी २५० किलोची भाकड गाय दिवसाला साधारण ५ किलो पेंढा खाते. ३.५ टक्क्यांनी त्यातून १७५ ग्रॅम प्रथिने मिळतात. ७ टक्के गाठायला ३५० ग्रॅम हवीत, म्हणजे तूट १७५ ग्रॅमची. ती भरायला सोयाबीन पेंड (४६ टक्के) पावणेचारशे-चारशे ग्रॅम पुरते, शेंगदाणा पेंड (४२ टक्के) सव्वाचारशे ग्रॅम, सालीसकट सरकीची पेंड (२३ टक्के) पाऊण किलो, खोबऱ्याची पेंड (२१ टक्के) ८०० ते ८५० ग्रॅम. गव्हाचा कोंडा घातला तर सव्वा किलोच्या जवळ जावे लागते. दुभत्या गाईचा हिशेब याच्या वर चढतो. एक लिटर दुधामागे साधारण ९० ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणून शरीरपोषणाचा खुराक वेगळा ठेवून संकरित गाईला दर अडीच लिटर दुधामागे १ किलो आणि म्हशीला दर दोन लिटरमागे १ किलो पशुखाद्य देण्याचा ठोकताळा आहे.

दर पोत्याचा नाही, प्रथिनांचा

पोत्याची किंमत पाहून पेंड घेणे ही सर्वांत महाग चूक. किलोचा दर भागिले प्रथिनांची टक्केवारी, गुणिले शंभर, हा एक किलो प्रथिनांचा खरा दर. समजा खोबऱ्याची पेंड ३४ रुपये आहे, तर प्रथिने १६२ रुपये किलो पडली. सोयाबीन पेंड ४६ रुपयांना असली तरी प्रथिने १०० रुपये किलोच. दर रोज बदलतात, म्हणून आपल्या बाजारातला आकडा घालून दरवेळी हा भागाकार करावा. तयार पशुखाद्याच्या पोत्यावर टक्केवारी छापलेली असते. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रकारात किमान २२ आणि दुसऱ्या प्रकारात किमान २० टक्के प्रथिने हवीत. टक्केवारी न छापलेले पोते घेऊच नये.

पण नुसता स्वस्त दरही पुरत नाही. प्रत्येक पेंडीचा स्वभाव वेगळा. शेंगदाणा पेंड गुरे आवडीने खातात, मात्र गोव्याच्या दमट हवेत तिला बुरशी चटकन धरते. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष उकळल्याने जात नाही आणि दुधातही उतरते. कुबट वास, हिरवट-काळी भुकटी किंवा आतून गरम लागणारे पोते दिसले तर ते गुरांना घालू नये, धुऊन-वाळवूनही नाही. दोन-तीन आठवडे पुरेल एवढीच पेंड आणावी, पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. खोबऱ्याची पेंड आपल्याकडच्या तेलाच्या घाण्यांवर ताजी मिळते हा तिचा मोठा गुण. तिच्यात उरलेल्या तेलाने ताकदही मिळते, पण तेच तेल खवट होते. ती पाण्यात खूप फुगते, म्हणून भिजवूनच घालावी, आणि बुरशी धरलेल्या खोबऱ्याची असेल तर तिच्यातही तेच विष असते. सरकीच्या पेंडीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या गुराला सोसते, चार महिन्यांखालच्या वासराला नाही.

गिरणीवरचा भाताचा कोंडा घेताना सावध राहावे. त्यात तूस मिसळलेले असले तर प्रथिने निम्म्यावर येतात. मूठभर कोंडा पाण्यात टाकून ढवळला की तूस वर तरंगते, रेती तळाला बसते. उकड्या तांदळाचा कोंडा घेतलेला बरा, कारण उकडताना खवटपणा आणणारे द्रव्य निष्प्रभ होते आणि कोंडा जास्त दिवस टिकतो. काजूच्या हंगामात बोंडांचा चोथा फुकट मिळतो. ऊर्जेसाठी थोडा चालेल, पण प्रथिनांच्या हिशेबात तो धरू नये. बिअर कारखान्याचा ओला चोथा मात्र चांगला. त्यात पाणीच जास्त असल्याने एका किलोतून साधारण ५० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि दोन-तीन दिवसांत तो आंबतो, तेव्हा ताजाच घालावा.

पेंडीत युरिया मिसळला असल्याची शंका आली तर सोपी तपासणी आहे. चमचाभर पेंड, चमचाभर कच्च्या सोयाबीनचे पीठ आणि थोडे कोमट पाणी बाटलीत घालून बूच लावावे. अर्ध्या तासाने अमोनियाचा झोंबणारा वास आला तर युरिया आहे. सोयाबीन पेंडीवर ही तपासणी खात्रीची नाही.

पेंढ्यालाच प्रथिने

जिथे गुरे चार-पाच आहेत आणि पेंढा उडवीत भरपूर आहे, तिथे पेंडीआधी युरिया प्रक्रियेचा विचार करावा. १०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया आणि ४५ लिटर पाणी. युरिया पूर्ण विरघळू द्यावा, खडा राहता कामा नये. पक्क्या जमिनीवर प्लास्टिक अंथरून पेंढ्याचा वीतभर थर, त्यावर झारीने सारखे युरियाचे पाणी, पायाने घट्ट दाबून पुढचा थर, असे रचावे. वरून प्लास्टिक झाकून कडा मातीने बंद कराव्यात आणि तीन आठवडे उघडू नये. प्रथिने ७ टक्क्यांच्या आसपास जातात, पेंढा मऊ होऊन तपकिरी-पिवळा दिसतो. हवा शिरली तर बुरशी येते, तो भाग फेकावा. घालण्याआधी तासभर पसरून वास जाऊ द्यावा. पहिला आठवडा साध्या पेंढ्यात अर्धा मिसळून द्यावा. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा देऊ नये.

युरिया कधीही पाण्यातून पाजू नये, उपाशी गुराला एकदम घालू नये, पोते गोठ्यात ठेवू नये. विषबाधा अर्ध्या-एक तासात दिसते. तोंडाला फेस, अंगाला थरथर, पोट फुगणे, धाप लागणे. डॉक्टरांना लगेच बोलवावे. जनावर उभे असून नीट गिळत असेल तर घरातला माडाचा विनेगर २ ते ४ लिटर, भरपूर थंड पाण्यासोबत सावकाश पाजावा. डॉक्टर येईपर्यंत तोच उपाय हाताशी असतो.

कुंपणाला लावलेला गिरिपुष्प हीसुद्धा पेंडच समजा. ५ किलो ओल्या पाल्यातून जवळजवळ २५० ग्रॅम प्रथिने मिळतात. वासामुळे गुरे ताजा पाला टाळतात, म्हणून आदल्या संध्याकाळी तोडून सुकत ठेवावा आणि सुरुवातीला पेंढ्यात थोडाच मिसळावा. सुबाभळीतल्या मिमोसिन या विषारी द्रव्यामुळे तिचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी ठेवावा. पाण्यावर वाढणाऱ्या अझोला या वनस्पतीबद्दल फार बोलले जाते, पण एक किलो ओल्या अझोल्यात प्रथिने १२-१५ ग्रॅमच असतात. मोठ्या गाईची तूट त्याने भरत नाही.

कोणतीही पेंड पहिल्या दिवशी पाव हिस्सा घालून आठ-दहा दिवसांत पूर्ण मात्रेवर न्यावी. सोबत रोज ४०-५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ द्यावे, कारण पेंढ्यात फॉस्फरस कमी असतो आणि त्यातला कॅल्शियम पेंढ्यातल्याच ऑक्झलेट या द्रव्याने अडकवलेला असतो. लागू पडते की नाही ते शेणावरून कळते. घट्ट, कोरडे, थरावर थर असलेले शेण म्हणजे प्रथिने अजून कमी. पातळ, सांडलेल्या आंबिलीसारखे म्हणजे जास्त झाली किंवा घाई झाली. दोन आठवड्यांत गव्हाणीतला उरलेला पेंढा कमी होऊ लागला तर मात्रा बरोबर आहे.

जूनच्या अखेरीस डोंगरावर कोवळे गवत आले की त्यातच प्रथिने १० टक्क्यांच्या आसपास असतात. तरीही बरेच जण सवयीने उन्हाळ्याइतकीच पेंड घालत राहतात. त्या दिवसांत भाकड गुरांची पेंड बंद करून, दुभत्यांची निम्मी करून त्या जागी कोंडा किंवा भरडा द्यावा, आणि हिरव्यावर सोडण्याआधी सकाळी थोडा कोरडा पेंढा खाऊ घालावा.