ईस्टरची तारीख कागदावर कशी काढायची, आणि ज्यूंच्या वल्हांडण सणाशी ती कधीकधी का जुळत नाही

नियम बऱ्याच जणांना माहीत असतो, वसंत संपातानंतरची (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्यानंतरची) पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार की झाला ईस्टर. पण हे आकाशातल्या पौर्णिमेवरून काढायला गेलात तर एखाद्या वर्षी चक्क महिनाभराने चुकाल. 2019 चंच बघा ना, ग्रीनिचच्या वेळेनुसार संपात 20 मार्चला रात्री, पौर्णिमा त्यानंतर काही तासांतच 21 ला, मग ईस्टर 24 मार्चला यायला हवा होता, आला 21 एप्रिलला.

गंमत अशी की चर्चच्या हिशोबात संपात कायम 21 मार्चलाच, सूर्य काहीही करो, आणि पौर्णिमासुद्धा त्यांची स्वतःची, 19 वर्षांच्या चक्रावर बसवलेली. त्या वर्षी चर्चची पौर्णिमा 20 मार्चला पडली, एका दिवसाने हुकली, म्हणून थेट पुढची धरली.

आता गणित. सालाला 19 ने भागा, बाकी घ्या. बाकीला 19 ने गुणा, 24 मिळवा, 30 ने भागून परत बाकी घ्या. ही दुसरी बाकी 28 किंवा 29 आली तर त्यातून एक कमी करा (हे विसरलात की 2019 ची पौर्णिमा एका दिवसाने चुकतेच). जो आकडा उरेल तेवढे दिवस 21 मार्चच्या पुढे मोजा, ही चर्चची पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. 1900 ते 2199 पर्यंत हे बिनधास्त वापरा.

2026 करून बघू. पहिली बाकी 12, मग 228 अधिक 24 म्हणजे 252, दुसरी बाकी 12, पौर्णिमा 2 एप्रिल गुरुवार, ईस्टर 5 एप्रिल. पौर्णिमाच रविवारी आली तर मात्र तो रविवार सोडून पुढचा घ्यायचा, 2025 ला 13 एप्रिलला असंच झालं आणि ईस्टर 20 ला गेला.

आता वल्हांडण सण. येशूचं शेवटचं भोजन, क्रूस, पुनरुत्थान सगळं याच सणाच्या आसपासचं, त्यामुळे सुरुवातीला आशिया मायनरमधले काही ख्रिस्ती लोक ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या 14 तारखेलाच हा दिवस पाळायचे, वार कुठलाही असो. 325 च्या निकियाच्या परिषदेत ठरलं की सगळ्यांनी एकाच रविवारी साजरा करायचा आणि ज्यूंच्या पंचांगावर अवलंबून राहायचं नाही. ज्यू पंचांगही 19 वर्षांत 7 अधिक महिने घालतं पण त्यांचं वर्ष सरासरीने सौरवर्षापेक्षा साडेसहा मिनिटांनी मोठं, शतकानुशतकं साचत गेलं आणि आता 19 पैकी 3 वर्षं वल्हांडण ईस्टरच्या जवळजवळ महिनाभर नंतर येतो. 2016 आणि 2024 ला हेच झालं, 2027 ला परत, ईस्टर 28 मार्चला आणि वल्हांडण 21 एप्रिलच्या संध्याकाळी.

ऑर्थोडॉक्स चर्चसाठी वरचं गणित चालणार नाही हं, त्यातली बहुतेक अजून जुन्या ज्युलियन कॅलेंडरवरच ईस्टर काढतात, त्यांचा 21 मार्च म्हणजे आपला 3 एप्रिल. 2025 ला दोघांचा ईस्टर एकाच दिवशी आला, 2026 ला लगेच त्यांचा 12 एप्रिलला.