हयातीचा दाखला: अंगठा उमटत नसेल तर

चालत्या-बोलत्या माणसाने दरवर्षी 'मी जिवंत आहे' हे सिद्ध करायचं, हा नियम मनाला लागतोच. पण दाखला नसेल तर पेन्शन थांबते, म्हणून तंटा नको. कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) वाळू हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्यांचा अंगठा मशीन घेत नाही. तिथे रांगेत पुन्हा पुन्हा बोट दाबण्यापेक्षा चेहऱ्याची पडताळणी करा. ही सोय 2021 पासून आहे.

मोबाइलमध्ये 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन्ही ॲप लागतात. दुसऱ्याचं चिन्ह स्क्रीनवर दिसत नाही, ते मागे चालतं. उतरलंच नाही असं समजून काढून टाकू नका. आधी ऑपरेटरचा, म्हणजे ॲप चालवणाऱ्याचा चेहरा स्कॅन करा, मग पेन्शनरचा. घरातलं कुणीही, अगदी स्वतः पेन्शनरही, ऑपरेटर होऊ शकतो. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि बँक खात्याचे नंबर जवळ ठेवा.

स्कॅन अडतो तो बहुधा उजेडामुळे. खिडकीकडे पाठ नको, तोंड हवं. चष्मा काढा, पापण्या सावकाश मिटा-उघडा. नाव आधारवर आहे तसंच भरा.

ईपीएस-95 वाल्यांनी (पीएफ खात्याच्या 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेतल्यांनी) नोव्हेंबरच्या गर्दीत जाऊच नये: दाखला वर्षात कधीही चालतो, दिल्यापासून 12 महिने. प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा एसएमएस मात्र जपून ठेवा.