इथरनेट एररचा अलार्म किती आकड्यावर लावायचा?

स्विचच्या पोर्टवरचा सीआरसीचा (वाटेत बिघडलेल्या फ्रेमचा, म्हणजे डेटाच्या पुडक्यांचा) एकूण आकडा बघून अलार्म लावू नका. ती काउंटर शेवटचा शून्य झाल्यापासूनची बेरीज असते. ५००० एरर वर्षभरातले असतील तर किरकोळ, आज सकाळपासूनचे असतील तर केबल हातात घ्या. आरमॉनमध्ये (स्विचमधली देखरेखीची सोय) सॅम्पल डेल्टा, म्हणजे मागच्या वेळेपासूनची वाढ, ठेवा, इंटरव्हल ३०० सेकंद.

आधी दोनेक आठवडे नुसती नोंद होऊ द्या. त्यात चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी नको; गोव्यातल्या वेर्ण्याचा कारखाना बंद असला की सगळ्याच लाइनी निर्मळ दिसतात.

गिगाबिटच्या तांब्याच्या केबलला १००० कोटी बिटांत एक चूक माफ आहे. १५१८ बाइटच्या फ्रेम धरल्या तर साधारण ८ लाखांत एक. म्हणजे पाच मिनिटांत अशा ३० लाख फ्रेम ओढणाऱ्या अपलिंकवर (स्विचला मुख्य नेटवर्कशी जोडणाऱ्या लाइनीवर) ३-४ एरर चालतील. तिथे रायझिंग (अलार्म वाजायचा आकडा) ३०, फॉलिंग (तो पुन्हा सज्ज व्हायचा आकडा) ५ ठेवावं. एकदा वाजलेला अलार्म आकडा ५ किंवा खाली उतरल्याशिवाय परत वाजत नाही. ३० आणि २८ ठेवलंत तर रात्रभर मोबाइल वाजेल, आणि तिसऱ्या दिवशी कोणी बघणारही नाही.

रात्री लाखभरच फ्रेम जात असतील तर हाच ३० आंधळा ठरतो. झॅबिक्स (नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) असेल तर एरर भागिले फ्रेम असं प्रमाण लावा, पण फ्रेम ५० हजारांच्या वर असतील तरच.

लेट कोलिजनला (फ्रेम बरीच गेल्यावर उशिरा झालेल्या टकरीला) मात्र रायझिंग १ च. बहुतेकदा एक टोक ऑटो (वेग वगैरे आपोआप ठरवणारं) आणि दुसरं फुल डुप्लेक्सवर (एकाच वेळी पाठवणं-घेणं) जखडलेलं असतं. ऑटोवालं हाफवर (एका वेळी एकच) घसरतं. त्या टोकाला लेट कोलिजन, समोर सीआरसी. दोन्हीकडे ऑटो करा. डिस्कार्ड (स्विचने टाकून दिलेल्या फ्रेम) एररमध्ये मिसळू नका, ती बहुधा गर्दी असते.

मुरगाव, वास्को पट्ट्यात खारी हवा आणि पावसाळी दमट यांनी उघड्यावरच्या प्लगच्या पिना हिरव्या पडतात. जूनमध्ये अलार्म वाढले म्हणून उंबरठा वर सरकवायचा नाही. प्लग कापून नवा क्रिंप करायचा, बॉक्सचा गॅस्केट बघायचा. दोन इमारतींमध्ये तर फायबरच, आकाशातल्या विजेपासून बचावासाठीही.

कापण्याआधी एक बघा: कट-थ्रू स्विच (फ्रेम पूर्ण तपासण्याआधीच पुढे पाठवणारा) खराब फ्रेम तशीच पुढे ढकलतो, त्यामुळे वाजणारा पोर्ट निर्दोष असू शकतो. ज्या पोर्टवर सीआरसी आत येतोय पण समोरच्या स्विचमध्ये कुठेच येत नाही, तिथली केबल पकडा.